विजेचे खाते आणि बाबासाहेब

मुंबईच्या उपनगरांतील वाचकांना २००९ सालचे दिवस आठवत असतील. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये वीज नियामक आयोगाने मार्ग मोकळा केला आणि रिलायन्सच्या ग्राहकाला त्याच तारांवरून टाटा पॉवरची वीज घेता येऊ लागली. चाळीत, सोसायटीत एकच चर्चा होती. कंपनी बदलायची की नाही? आम्हालाही अनेकांनी विचारले. आम्ही दोन्हीकडची बिले शेजारी ठेवून हिशेब करून दाखवत होतो. परंतु हिशेब करता करता आमच्या मनात दुसराच विचार येई. वीज कोणाच्या मालकीची असावी आणि ती कोणासाठी असावी, हा मूळ प्रश्न सरकारच्या टेबलावर कोणी ठेवला होता? तो ठेवला होता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. घटनेचे शिल्पकार बाबासाहेब आपल्याला ठाऊक आहेत. देशाचे विजेचे खाते सांभाळणारे बाबासाहेब मात्र आपल्याच माणसांना फारसे ठाऊक नाहीत. म्हणून त्यांच्या चरित्राची ही बाजू आज आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत.

सुभेदार रामजी आंबेडकर कुटुंब घेऊन मुंबईला आले ते लोअर परळच्या डबक चाळीत. एकच खोली. त्याच खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत झोपणे आणि त्याच खोलीत भीमरावांचा अभ्यास. पहाटे दोनला वडील उठवत आणि चिमणी नसलेल्या रॉकेलच्या दिव्यापुढे मुलगा वाचत बसे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्याच वर्षी मुंबईच्या रस्त्यावर विजेवरची ट्राम धावू लागली. म्हणजे शहरात वीज होती, पण ती कामगाराच्या खोलीत नव्हती. वीज असणे आणि वीज मिळणे यांत किती अंतर असते, हे बाबासाहेबांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१९१५ पासून टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. साचे विजेवर फिरू लागले. पण कापड खात्याचे दार अस्पृश्य कामगाराला बंदच राहिले. तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, म्हणून त्याचा विटाळ! जास्त पगाराचे हे खाते आपल्या माणसांना बंद का, हा सवाल बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या गिरणी संपाच्या काळात उघडपणे विचारला. यंत्र आले म्हणून जात आपोआप जात नाही, हा त्यातला धडा. पुढे विजेचे खाते हाती आल्यावर त्यांनी नुसत्या यंत्रावर भरवसा ठेवला नाही, त्याचे कारण आम्हाला येथे दिसते.

कोलंबिया आणि लंडन येथे बाबासाहेब शिकले ते अर्थशास्त्र. १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे का पडतात? कारण शेतीवर माणसांचा भार फार आहे. नुसते तुकडे जोडून उपयोग नाही. माणसे शेतीतून बाहेर काढायची तर उद्योगधंदे वाढले पाहिजेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्या समाजासाठी याचा अर्थ सरळ आहे. गावात ना जमीन ना मान, अशा माणसाला कारखान्याची वाट मिळाली तरच तो गावगाड्यातून सुटतो. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. लोकहितासाठी जेथे आवश्यक असेल तेथे उद्योगांवर सरकारची मालकी असावी, हे तत्त्व त्या पक्षाच्या कार्यक्रमातच होते.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. हे खाते नावाला मजुरांचे, पण त्यात खाणी, पाटबंधारे आणि वीजही होती. महायुद्ध चालू होते आणि कोळशावाचून वीज नव्हती. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसाक्षेत्रात गेले, स्वतः खाणीत उतरले आणि मजुरांच्या राहत्या घरांत शिरून त्यांची स्थिती पाहिली. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९४४ मध्ये, कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. दिव्यामागचा कोळसा कोण खणतो, हे पाहिल्यावाचून विजेचे धोरण ठरवणारा हा मंत्री नव्हता.

२५ ऑक्टोबर १९४३ ही तारीख आम्ही वाचकांना मुद्दाम लक्षात ठेवायला सांगतो. युद्धानंतरच्या वीजविकासाचा विचार करणाऱ्या धोरण समितीपुढे बाबासाहेबांनी त्या दिवशी मांडणी केली. वीज खासगी मालकीची असावी की सरकारी? खासगी असेल तर लोकांच्या हितासाठी तिच्यावर कोणत्या अटी घालाव्यात? जबाबदारी केंद्राची की प्रांतांची? स्वस्त आणि मुबलक वीज देण्यासाठी कारभाराची कोणती पद्धत उत्तम? हे प्रश्न त्यांनी क्रमाने ठेवले. वीज हवी कशासाठी, याचेही उत्तर दिले. उद्योगधंद्यांसाठी हवी, आणि उद्योगधंदे हवेत ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या दारिद्र्याच्या फेऱ्यातून माणसे बाहेर पडावीत म्हणून. १९१८ चा निबंध आणि १९४३ चे भाषण शेजारी ठेवून वाचावे. पंचवीस वर्षांत माणूस विद्यार्थ्याचा मंत्री झाला, पण विचाराचा धागा तुटला नाही.

ते नुसते प्रश्न विचारून थांबले नाहीत. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले. १९४५ मध्ये पाणी, पाटबंधारे आणि जलवाहतुकीसाठी केंद्रीय आयोग स्थापन झाला. आजचा केंद्रीय जल आयोग त्याचाच वारस आहे. १९४३ साली दामोदर नदीला महापूर आला होता. जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी केंद्र, बंगाल आणि बिहार यांना एकत्र बसवले. धरण केवळ पूर अडवण्यासाठी बांधू नये, त्यातून शेतीला पाणी, वीज आणि जलवाहतूकही साधावी, हा त्यांचा आग्रह. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा अनुभव असलेले अभियंता वूर्डुइन यांनी आराखडा केला आणि १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. महानदीवरील हिराकूडच्या प्रकल्पासाठी नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकला परिषद झाली, तीही बाबासाहेबांच्याच अध्यक्षतेखाली.

मार्च १९४७ मध्ये त्यांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी एक निवेदन तयार केले. कळीचे उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत आणि ही तरतूद घटनेतच असावी, म्हणजे उद्याच्या बहुमताला ती सहजासहजी बदलता येणार नाही, अशी त्यांची मागणी होती. ती जशीच्या तशी घटनेत आली नाही. ते एकटे घटना लिहीत नव्हते, हे आपण विसरता कामा नये. तरीही देशाच्या भौतिक साधनांची वाटणी सर्वांच्या हितासाठी व्हावी, हे कलम ३९ मध्ये आले आणि वीज हा विषय समवर्ती सूचीत राहिला. बाबासाहेब कायदामंत्री असताना १९४८ मध्ये वीज पुरवठा कायदा झाला. विधेयक मांडले होते काकासाहेब गाडगीळांनी. याच कायद्याखाली राज्याराज्यांत वीज मंडळे झाली. महाराष्ट्राचे मंडळ झाले १९६० साली. ते पाहायला बाबासाहेब नव्हते. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले होते.

मंडळांनी खेड्यात तारा नेल्या, हे मान्य केलेच पाहिजे. पण गावात वीज आली म्हणजे गावकुसाबाहेर आली, असे नव्हते. २००४ साली केंद्राने विद्युतीकृत गावाची व्याख्या बदलली, तेव्हा दलित वस्तीतही रोहित्र आणि तारांची सोय असली पाहिजे, असे त्यात वेगळे लिहावे लागले. ते लिहावे लागले, यातच सारे आले. सरकारी मालकी म्हणजे आपोआप न्याय, असे आम्ही म्हणणार नाही. मंडळांत गळती होती, भ्रष्टाचार होता.

त्या दोषांवर उपाय म्हणून १९४८ च्या कायद्याच्या जागी २००३ चा वीज कायदा आला. २००५ मध्ये महाराष्ट्राच्या मंडळाचे तुकडे होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या वेगळ्या कंपन्या झाल्या. एक मेगावॅटहून जास्त मागणी असलेल्या मोठ्या ग्राहकाला हव्या त्या पुरवठादाराकडून वीज घेण्याची मुभा मिळाली. एकाच भागात दोन कंपन्यांना परवाना देण्याचीही तरतूद झाली. घरगुती ग्राहकाला प्रत्यक्ष निवड करता आली ती प्रामुख्याने मुंबईत.

त्या निवडीचे पुढे काय झाले? विजेच्या दरात एक व्यवस्था असते. जास्त वापरणारा थोडे जास्त देतो, म्हणून कमी वापरणाऱ्याला वीज स्वस्त पडते. यालाच क्रॉस सबसिडी म्हणतात. मोठा ग्राहक कंपनी बदलून गेला, की मागे राहतात ते छोटे ग्राहक आणि त्यांच्यावरचा बोजा. हे होऊ नये म्हणून जाणाऱ्यावर अधिभार लावण्याची तरतूद कायद्यात आहे. तरीही मोठे ग्राहक वेचून घेतले जात आहेत, असा आक्षेप मुंबईत आलाच. २०१२ मध्ये आयोगाने घरगुती ग्राहकांतील बदल महिना ३०० युनिटपर्यंतच्या ग्राहकांपुरता ठेवण्याचा आदेश काढला. त्यावर अपिले झाली. उपनगरांचा व्यवसाय २०१८ मध्ये रिलायन्सकडून अदानींकडे गेला, तेव्हा ग्राहकाला कोणी विचारले नाही. कंपनी निवडण्याचे स्वातंत्र्य ग्राहकाचे, पण कंपनी विकण्याचे स्वातंत्र्य मालकाचे!

२०२२ मध्ये एकाच तारांवर अनेक पुरवठादारांना वाट देणारे विधेयक लोकसभेत आले आणि स्थायी समितीकडे गेले. जानेवारी २०२३ मध्ये महाराष्ट्रातील वीज कर्मचारी समांतर परवान्याविरुद्ध संपावर गेले. शासनाच्या आश्वासनावर तो संप त्याच दिवशी मिटला. प्रश्न मिटला नाही. तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

म्हणून आमचे वाचकांना सांगणे आहे. कंपनी बदलण्यात पाप नाही. आपले चार पैसे वाचत असतील तर गरिबाने ते जरूर वाचवावेत. पण सही करण्यापूर्वी केवळ वीज आकार पाहू नका. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि अधिभार धरून पूर्ण बिलाची बेरीज करा. दरवाढीचा प्रस्ताव आला, की नियामक आयोग जनतेच्या हरकती मागवतो. तेथे उद्योगांचे प्रतिनिधी जाड फायली घेऊन हजर असतात. आपल्या वस्तीची हरकत तेथे किती वेळा पोहोचते? जयंतीला वस्तीत रोषणाई करणाऱ्या मंडळांनी वर्षातून एकदा वस्तीतली बिले गोळा करून ही हरकत दाखल केली, तर ते बाबासाहेबांच्याच कामाचा भाग होईल.

चिमणी नसलेल्या दिव्यापुढे शिकलेला मुलगा देशाचा वीजमंत्री झाला आणि त्याने आधी विचारले ते मालक कोण आणि फायदा कोणाचा. आपल्या दाराशी नवा फॉर्म येईल तेव्हा एवढे दोन प्रश्न आपणही विचारायला शिकले पाहिजे.

जयभीम!