पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई सरस्वती (जन्म: २३ एप्रिल १८५८, मृत्यू: ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, लेखिका, समाजसुधारक आणि स्त्रीशिक्षणाच्या प्रवर्तक होत्या. आर्य महिला समाज, शारदा सदन व केडगाव येथील मुक्ती मिशन या संस्था त्यांनी स्थापन केल्या. वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या हेतूने त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या होत्या; परंतु वाढत्या श्रवणदोषामुळे त्यांना तो अभ्यासक्रम सोडून द्यावा लागला. त्यानंतर त्या शिक्षणक्षेत्राकडे वळल्या आणि त्यांचे पुढील सर्व कार्य त्याच क्षेत्रात उभे राहिले.

बालपण आणि शिक्षण

रमाबाईंचा जन्म पश्चिम घाटातील गंगामूळ येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले होते. रमाबाईंना संस्कृतचे पाठ आईकडून मिळाले. डोंगरे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून पुराणकथन करीत फिरे आणि त्यावरच त्यांचा निर्वाह चाले. लहान वयातच रमाबाईंना हजारो श्लोक मुखोद्गत झाले.

१८७०च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण यांचा अल्पावधीत मृत्यू झाला. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास यांनी पुढे देशभर पायी प्रवास केला आणि १८७८ साली ते कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० साली श्रीनिवास यांचे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बंगाली वकील बिपिन बिहारी दास मेधावी यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. १८८१ साली त्यांना मनोरमा ही कन्या झाली. १८८२च्या फेब्रुवारीत बिपिन बिहारी यांचे पटकीने निधन झाले.

पुण्यातील कार्य आणि हंटर आयोगापुढील साक्ष

वैधव्यानंतर रमाबाई पुण्यास आल्या. १८८२ साली त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे मराठी पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. मुलींना शिकविण्यासाठी स्त्री शिक्षिका तयार कराव्यात आणि स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण खुले करावे, या त्यांच्या दोन प्रमुख मागण्या होत्या. पुरुष वैद्यापुढे दुखणे सांगण्याचा संकोच आणि पडद्याची प्रथा यांमुळे अनेक स्त्रिया उपचाराविना राहत व मृत्यूही पावत, ही वस्तुस्थिती या मागणीच्या मुळाशी होती. स्त्रियांना स्त्री डॉक्टरांची मदत मिळावी म्हणून १८८५ साली लेडी डफरिन निधी स्थापन झाला. त्याच्या पूर्वपीठिकेत रमाबाईंच्या साक्षीचा उल्लेख केला जातो.

इतरांसाठी मागितलेले शिक्षण स्वतः घ्यावे आणि डॉक्टर होऊन स्वदेशी परतावे, असे रमाबाईंनी ठरविले. पुस्तकाच्या विक्रीतून आलेला पैसा प्रवासखर्चाच्या कामी आला. १८८३ साली लहानग्या मनोरमेला व आनंदीबाई भगत या सहचारिणीला घेऊन त्या इंग्लंडला निघाल्या.

इंग्लंडमधील वास्तव्य आणि श्रवणदोष

इंग्लंडमध्ये रमाबाई वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघाच्या मठात राहिल्या. तेथे आल्यानंतर थोड्याच काळात आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई व मनोरमा यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

याच काळात त्यांना कमी ऐकू येऊ लागल्याचे स्पष्ट झाले. हा दोष उत्तरोत्तर वाढणारा असल्याने वैद्यकीय अभ्यासक्रमाचा मार्ग त्यांच्यासाठी बंद झाला. वैद्यकीय शिक्षण त्या वेळी मुख्यत्वे तोंडी व्याख्यानांवर आणि रुग्णांच्या खाटेपाशी होणाऱ्या अध्यापनावर अवलंबून होते. स्टेथोस्कोपने हृदयाचे ठोके व श्वासाचे बारीक आवाज ओळखणे हा रोगनिदानाचा पाया मानला जाई. ऐकू कमी येणाऱ्या विद्यार्थ्याला या दोन्ही गोष्टी दुष्कर होत्या.

कानाच्या विकारांवरील उपचारही त्या वेळी मर्यादित होते. व्हिएन्ना येथे ॲडम पोलित्झर यांनी नाकावाटे हवा सोडून मध्यकर्णातील दाब पूर्ववत करण्याची पद्धत १८६३ साली मांडली होती. मध्यकर्णातील संसर्ग कानामागील हाडात पसरल्यास तेथील पू काढण्याची शस्त्रक्रिया १८७३ नंतर रूढ होऊ लागली होती. असा संसर्ग मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचल्यास रुग्ण दगावण्याचीच शक्यता अधिक असे. संसर्गावर परिणामकारक ठरणारी सल्फा औषधे १९३०च्या दशकात आणि पेनिसिलिन १९४०च्या दशकात उपलब्ध झाले. विजेवर चालणारी श्रवणयंत्रेही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बाजारात नव्हती. कानाला लावायचे कर्णे हेच साधन होते. त्यामुळे वाढता बहिरेपणा, मग तो मध्यकर्णाच्या जुनाट विकारातून आलेला असो वा अंतःकर्णाच्या, बहुधा कायमचाच ठरे.

वैद्यकाचा मार्ग बंद झाल्यावर रमाबाईंनी अध्यापनाची दिशा धरली. १८८४ ते १८८६ या काळात त्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजमध्ये राहिल्या. तेथे त्यांनी संस्कृत शिकविले आणि इंग्रजी, गणित व विज्ञान यांचा अभ्यास केला. प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. वाँटेजच्या भगिनींशी मात्र धर्मसिद्धान्तांवरून त्यांचे तीव्र मतभेद झाले. या वादांचा मोठा भाग पत्रांतून झाला असून तो पत्रव्यवहार आज उपलब्ध आहे.

अमेरिकेतील वास्तव्य

रमाबाईंच्या नात्यातील आनंदीबाई जोशी या ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. त्या समारंभास रमाबाई उपस्थित होत्या. स्वतःला जे शिक्षण घेता आले नाही ते पूर्ण करणाऱ्या पहिल्या मराठी स्त्रीचा गौरव त्यांनी प्रत्यक्ष पाहिला. मात्र आनंदीबाईंचे २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निधन झाले आणि त्यांच्या वैद्यकीय सेवेस आरंभ होऊ शकला नाही.

रमाबाई अमेरिकेतच थांबल्या. फ्रोबेल यांच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण त्यांनी घेतले आणि ठिकठिकाणी व्याख्याने दिली. १८८७ साली ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याची प्रस्तावना आनंदीबाईंच्या महाविद्यालयाच्या अधिष्ठाता रेचल बॉडली यांनी लिहिली होती. उच्चवर्णीय विधवांच्या निवासी शाळेसाठी निधी जमविण्याच्या हेतूने त्याच वर्षी बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. अमेरिकेतील लोकजीवनावरील त्यांचे मराठी पुस्तक १८८९ साली प्रकाशित झाले.

शारदा सदन

११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढील वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. सदनातील आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई यांचा १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. त्याच सुमारास सदनात धर्मांतरास उत्तेजन मिळते, असा आरोप झाला. ‘केसरी’ने कठोर टीका केली. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी मुलींना घरी नेले. तरीही सदन चालू राहिले.

मध्य प्रांतातील दुष्काळ आणि मुक्ती

१८९६ साली पाऊस लवकर ओसरला आणि मध्य प्रांतात दुष्काळ पडला. पूर्व विदर्भाचा धानाचा प्रदेश या प्रांतात मोडत असे. आजचा गोंदिया जिल्हा त्या वेळी भंडारा जिल्ह्याचा भाग होता आणि १ मे १९९९ रोजी तो स्वतंत्र झाला. धानाचे पीक पावसावर व तलावांच्या पाण्यावर अवलंबून असल्याने पाऊस हुकताच अशा भागांत उपासमार होई. अन्नान्न झालेल्या मुली दलालांच्या हाती पडत असल्याचे कळल्यावर रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली व विधवांना त्यांनी सोबत आणले. ज्या आपत्तीने त्यांचे स्वतःचे कुटुंब नष्ट केले होते, तिच्यातूनच या मुली आल्या होत्या.

पुण्यात प्लेगच्या निर्बंधांमुळे इतक्या मुलींना ठेवणे शक्य नव्हते. पुण्याजवळील केडगाव येथे घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांची सोय करण्यात आली. तेथे मुक्ती सदन उभे राहिले. १८९७ साली पुण्यातील प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांची जी हेळसांड झाली, तिच्यावर रमाबाईंनी वृत्तपत्रातून उघड टीका केली. १९००च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या. शेती, विणकाम, दुग्धव्यवसाय व छपाई ही कामे आश्रमातील स्त्रियाच करीत. वृद्ध व दुर्बल स्त्रियांसाठी प्रीती सदन होते. अंध मुलींसाठी स्वतंत्र विभाग असून मनोरमा यांनी तेथे ब्रेल लिपीचे शिक्षण सुरू केले.

अखेरची वर्षे आणि वारसा

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाई मुख्यत्वे बायबलच्या मराठी अनुवादात गुंतल्या होत्या. त्यासाठी त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. १९१९ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा यांचे निधन झाले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे केडगाव येथे निधन झाले. त्यांचा संपूर्ण अनुवाद १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यात छापून प्रसिद्ध झाला.

भारतीय टपाल खात्याने १९८९ साली त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. शुक्र ग्रहावरील एका विवरास ‘मेधावी’ हे त्यांचे नाव देण्यात आले आहे. मुक्ती मिशनचे कार्य केडगाव येथे आजही चालू आहे.