राजमुद्रा परत करण्याची वेळ



२२ जून हा संत जॉन फिशर आणि संत थॉमस मोर यांच्या स्मरणाचा दिवस. थॉमस मोर म्हटले की आपल्याला त्यांचे हौतात्म्य आठवते. आज मात्र आम्ही त्यांच्या आयुष्यातील दुसरा एक दिवस आपल्यापुढे ठेवीत आहोत : १६ मे १५३२. त्या दिवशी त्यांनी राजाच्या नोकरीचा राजीनामा दिला. नोकरी सोडावी की नाही आणि सोडायचीच तर कधी, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरात कधी ना कधी येतो. एकीकडे मन खात असते, दुसरीकडे घराचे हप्ते आणि मुलांची शिक्षणे असतात. मोर यांच्याही मागे मोठे कुटुंब होते.

थॉमस यांचा जन्म लंडनमध्ये १४७८ च्या सुमारास झाला. वडील वकील होते, पुढे ते न्यायाधीश झाले. लहानपणी थॉमस आर्चबिशप मॉर्टन यांच्या घरी सेवेला होते. पुढे ते ऑक्सफर्डला शिकले आणि वकील झाले. तरुणपणी सुमारे चार वर्षे लंडनच्या कार्थुसियन मठाच्या सान्निध्यात राहून त्यांनी मठवासीयांच्या प्रार्थनाजीवनात भाग घेतला. शेवटी त्यांनी प्रपंचाचा मार्ग निवडला. पत्नी जेन चार मुले मागे ठेवून १५११ मध्ये वारली. मुलांना आई हवी म्हणून त्यांनी लवकरच अ‍ॅलिस या विधवेशी विवाह केला. मुलींनाही त्यांनी मुलाइतकेच, लॅटिन आणि ग्रीकसुद्धा शिकविले. मोठ्या पदावर असतानाही चेल्सी येथील आपल्या चर्चमध्ये ते गायकवृंदात उभे राहून गात.

ऑक्टोबर १५२९ मध्ये राजा आठवा हेन्री याने त्यांना लॉर्ड चॅन्सलर केले. राज्याची मुख्य मुद्रा त्यांच्या ताब्यात आली. पण त्याच वेळी राजाला राणी कॅथरीनशी झालेला विवाह रद्द करून हवा होता आणि पोप त्याला मान्यता देत नव्हते. मोर यांनी आपले मत राजाला सांगितले होते. त्यांच्या सद्सद्विवेकबुद्धीवर या बाबतीत जबरदस्ती करणार नाही, असे आश्वासन राजाने दिले. त्या भरवशावर ते पदावर राहिले. न्यायदानात ते तत्पर होते आणि लाच घेत नसत. मात्र पाखंडी ठरविलेल्यांशी ते कठोर वागले, त्यांच्या कारकिर्दीत काही जणांना जिवंत जाळण्यात आले, हेही आपण लपवू नये. संतसुद्धा आपल्या काळाच्या मर्यादांतून सुटत नाहीत.

हळूहळू जागा अरुंद होत गेली. १५३१ मध्ये राजाने धर्मगुरूवर्गाकडून एक लाख पौंड दंड वसूल करण्याचे ठरविले आणि स्वतःला इंग्लंडच्या ख्रिस्तसभेचा प्रमुख म्हणवून घेतले. त्याच वर्षी विवाहाच्या बाबतीत राजाला अनुकूल असलेली विद्यापीठांची मते संसदेपुढे मांडण्याचे काम मोर यांना पदाच्या नात्याने करावे लागले. स्वतःचे मत विचारले तेव्हा त्यांनी उत्तर टाळले. पुढे त्यांनी आपले स्नेही ड्यूक ऑफ नॉरफोक यांच्यामार्फत पदातून मोकळे करण्याची विनंती केली.

१५ मे १५३२ रोजी धर्मगुरूंच्या सभेने मान तुकविली. यापुढे राजाच्या संमतीवाचून ख्रिस्तसभेचे नवे नियम करणार नाही, असे तिने कबूल केले. दुसऱ्याच दिवशी मोर यांनी राजमुद्रा राजाच्या हाती परत केली. कारण प्रकृतीचे दिले. छातीचे दुखणे खरेच होते. त्यांनी आरोप केले नाहीत की जाहीर निषेध केला नाही.

पत्नीला त्यांनी आधी सांगितलेही नव्हते! मिस्सा संपल्यावर साहेब निघाले, असे तिच्या बाकाशी येऊन सांगण्याची नोकराची रीत होती. राजीनाम्यानंतरच्या सणाच्या दिवशी मोर स्वतःच टोपी हातात घेऊन तिच्यापुढे वाकले आणि साहेब गेले, असे म्हणाले. तिला ती थट्टा वाटली. खरे कळल्यावर तिला काय वाटले असेल, ते आपल्या घरच्या बायका अधिक चांगले जाणतात.

त्यानंतर त्यांनी नोकरमाणसांना दुसऱ्यांच्या घरी कामे मिळवून दिली. आपली मोठी नाव आणि आठ नावाडी नव्या चॅन्सलरकडे सोपविले. मुलांना जवळ बसवून वर्षाचे उत्पन्न आता शंभर पौंडांहून फारसे अधिक उरले नाही, हे स्पष्ट सांगितले. खर्च पायरीपायरीने कमी करू, आणि तेही भागले नाही तर झोळी घेऊन दारोदार मरियेचे स्तोत्र गात फिरू, असे हसत सुचविले.

गाजावाजा न करता घेतलेल्या निरोपानेही ते वाचले नाहीत. १५३४ मध्ये त्यांनी राजाची शपथ घेण्यास नकार दिला, त्यांना टॉवरमध्ये कोंडले आणि ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. १९३५ मध्ये ते संत म्हणून घोषित झाले. २००० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना राज्यकर्त्यांचे व राजकारण्यांचे आश्रयदाते ठरविले.

आम्हांला यातून एवढेच समजते : साहेबाशी खटका उडाला की राजीनामा फेकावा, असे मोर यांनी केले नाही. आतून काही भले करता येत होते, तोवर कठीण दिवसांतही ते टिकले. खुर्चीवर राहणे म्हणजे चुकीच्या गोष्टीवर आपली मोहोर उठविणे, असे झाले त्या दिवशी त्यांनी आणखी एक महिना थांबून पाहिले नाही. आपल्या हातात राजमुद्रा नसेल, पण हजेरीपट, बिले, दाखले, हिशेबाच्या वह्या असतात. त्यांवर सही करताना हात थांबतो का, हे ज्याचे त्याने पाहावे. आणि मोर यांनी केले नाही तेवढे मात्र आपण करावे : घरी आधी बोलावे.

संत थॉमस मोर, आम्हांसाठी विनंती कर.