न पाहिलेला जपान

अकोल्याच्या आमच्या जुन्या घरात माजघराच्या भिंतीवर जत्रेतून आणलेल्या देवादिकांच्या छापील तसबिरी ओळीनं टांगलेल्या असत. त्यांना चित्रं म्हणायचं नसतं, असं ड्रॉइंगच्या मास्तरांनी सांगितलं होतं आणि मी ते बरीच वर्षं खरं मानलं. पुढं व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या खोलीच्या भिंतींविषयी वाचलं, तेव्हा मात्र ओशाळलो.

हॉलंडमधल्या पाद्र्याचा हा मुलगा, जन्म १८५३ चा. चित्रांच्या दुकानात नोकरी, मास्तरकी, खाणकामगारांत धर्मोपदेश असं सगळं करून सत्ताविशीत कुंचल्याकडं वळला. १८८५ साली अँटवर्पच्या भाड्याच्या खोलीत त्यानं जपानी ठशांची चित्रं टाचली. पॅरिसला धाकट्या भावाकडं, थिओकडं आल्यावर तर ती शेकड्यांनी घेतली. जपानात ही चित्रं बाजारात किरकोळ किमतीला विकली जात. चेरीच्या लाकडावर चित्र उलटं कोरायचं, रंगागणिक ठसा निराळा, आणि कागद मागून घोटून छाप उठवायचा. त्यामुळं रंग सपाट, बाह्यरेषा ठसठशीत, सावलीला जवळपास रजाच! १८८७ मध्ये व्हिन्सेंटनं एका कॅफेत या चित्रांचं प्रदर्शन मांडलं. ते पार फसलं. पण त्याच वर्षी हिरोशिगेची प्लमची बाग आणि पुलावरचा पाऊस त्यानं तैलरंगात उतरवले. कडेनं जपानी अक्षरंही रंगवली, एकही वाचता येत नसताना.

१८८८ च्या फेब्रुवारीत तो दक्षिण फ्रान्समधल्या आर्लला गेला, तो तिथं जपान सापडेल म्हणून. खरा जपान त्यानं जन्मात पाहिला नाही. उतरला तेव्हा बर्फ होतं. मग पीच, जर्दाळू, प्लम फुलले आणि महिन्याभरात त्यानं बागांची डझनाहून अधिक चित्रं काढली. वरुड-मोर्शीकडं आंबिया बहारात संत्र्याच्या बागांमधून ज्यानं सायकल हाणली असेल, त्याला ही घाई समजावून सांगायला नको. वारा सुटला की फूल संपलं.

कानाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ती इथं नको.

१८९० च्या आरंभी थिओला मुलगा झाला, नाव काकाचंच ठेवलं. मनोरुग्णालयात असलेल्या काकानं बाळासाठी बदामाच्या फुललेल्या फांद्या रंगवल्या. मागं निळं आकाश, ना जमीन ना बुंधा, फांद्यांना गडद रेघ. थेट जपानी ठसाच. त्याच जुलैत, ३७ व्या वर्षी, व्हिन्सेंट गेला. सहा महिन्यांत थिओही.

बाळ मोठं होऊन इंजिनिअर झालं. त्यानं जपलेला काकाचा संग्रह १९७३ पासून ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात आहे. बदामाची फुलं तिथंच आहेत, आणि ते स्वस्त जपानी कागदही, पाचशेच्या आसपास.

आमच्या माजघरातल्या तसबिरी वाटण्यांच्या वेळी मीच उतरवल्या. काचा तेवढ्या विकल्या.