मास्टर दीनानाथ आणि आपला विदर्भ

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा विषय शोधायला मला फार वेळ लागला नाही. मास्टर दीनानाथ मंगेशकरांवर लिहायचं बऱ्याच दिवसांपासून मनात होतं. आपल्या सोसायटीतल्या लेकरांना विचारलं तर लताबाई, आशाबाई त्यांना ठाऊक आहेत. दीनानाथ म्हणजे त्यांचे वडील, किंवा पुण्यातल्या मोठ्या दवाखान्याचं नाव, एवढीच ओळख. पण एक काळ असा होता की या माणसाच्या नावावर थिएटरं भरत होती, आणि तेव्हा त्यांच्या मुली जन्मालाही आल्या नव्हत्या.

दुसरं कारण असं की, दीनानाथ गोव्याचे, नांदले सांगलीला आणि वारले पुण्याला, म्हणून आपण त्यांना तिकडचे समजतो. त्यांच्या आयुष्यातली मोठी वळणं पाहिली तर प्रत्येक वळणावर आपल्या विदर्भाचा कोणी ना कोणी उभा आहे. ही गोष्ट कोणी एकत्र मांडलेली माझ्या वाचनात नाही, म्हणून हा खटाटोप.

दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० रोजी गोव्यात मंगेशी इथं झाला. वडील गणेशभट हे मंगेशाच्या देवळातले पुजारी. आई येसूबाई या देवळात गायनसेवा करणाऱ्या समाजातल्या. त्या काळच्या रीतीत अशा मुलाला वडिलांचं आडनाव मिळत नसे. या मुलानं कुणाकडे आडनाव मागितलंही नाही. ज्या देवाच्या सावलीत जन्म झाला त्या मंगेशाचंच नाव लावलं आणि मंगेशकर झाला. आज हे आडनाव साऱ्या देशाला माहीत आहे, पण ते असं, रिकाम्या जागेवर उभं राहिलेलं आहे.

गळा उपजतच होता. पाचव्या वर्षाच्या सुमारास बाबा माशेलकरांकडे गाण्याचे धडे सुरू झाले. पुढे रामकृष्णबुवा वझ्यांचा गंडा बांधला. लहान वयातच किर्लोस्कर नाटक मंडळीत प्रवेश मिळाला. नाटक कंपनीत गाणाऱ्या मुलांना ‘मास्टर’ म्हणायची पद्धत होती. बाकीच्यांचं मास्टरपण मिशा फुटल्यावर गळून पडायचं, दीनानाथांचं शेवटपर्यंत राहिलं.

१९१८ साली दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून स्वतःची ‘बळवंत संगीत मंडळी’ काढली. दीनानाथांचं वय तेव्हा सतरा. आज सतरा वर्षांच्या मुलाला आपण एकट्याला नागपूरला पाठवताना दहा सूचना देतो, आणि हा मुलगा कंपनीचा मालक झाला होता! अर्थात व्यवहार आणि तालमी सांभाळायला चिंतामणराव होते. ते स्वतः मोठे नट, आणि पुढे ‘बहुरूपी’ नावाचं उत्तम आत्मचरित्र लिहिलेले.

या नव्या कंपनीच्या पाठीशी उभे राहिले राम गणेश गडकरी. आणि इथंच विदर्भाचा पहिला संबंध येतो. गडकरी क्षयानं खंगले होते. शेवटच्या दिवसांत ते आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरला येऊन राहिले. ‘भावबंधन’ हे नाटक त्यांनी त्या अखेरच्या आजारात सावनेरलाच पुरं केलं, आणि २३ जानेवारी १९१९ ला तिथंच देह ठेवला. वय अवघं तेहेतीस. कंपनी नुकती उभी राहिली होती आणि आधाराचा खांबच गेला. पण जाताना नाटक देऊन गेला. बळवंत मंडळीनं ‘भावबंधन’ रंगभूमीवर आणलं, त्यात चिंतामणराव घनश्याम आणि दीनानाथ लतिका. त्या नाटकानं कंपनीचे पाय रोवले. दीनानाथांची लतिका इतकी गाजली की पुढे थोरल्या मुलीचं पाळण्यातलं हेमा हे नाव मागं पडलं आणि त्या भूमिकेवरून ती लता झाली. म्हणजे सावनेरच्या त्या आजारपणाच्या खोलीत जे पात्र कागदावर पुरं झालं, त्याचंच नाव पुढं आकाशवाणीवरून घराघरांत पोचलं.

तरुण वाचकांसाठी एक खुलासा करतो. त्या काळी घरंदाज बायका नाटकात काम करीत नसत, त्यामुळे नायिकेचं काम पुरुषच करायचे. त्यात बालगंधर्वांचा शब्द शेवटचा. ते दीनानाथांपेक्षा बारा वर्षांनी मोठे. त्यांचं गाणं लडिवाळ, ठायी ठायी रेंगाळणारं. दीनानाथांचं गाणं अगदी उलट. चपळ, पंजाबी वळणाचं, वीज चमकावी तशी तान येणार आणि कुठून कुठं जाणार याचा पत्ता लागू देणार नाही. बालगंधर्वांची नक्कल करून पोट भरणारे नट पुष्कळ झाले. दीनानाथांनी ती केली नाही. ‘मानापमान’सारख्या लोकांच्या कानात मुरलेल्या नाटकात ते धैर्यधर झाले आणि गाणी आपल्या वळणानं गायले. लोकांनी तीही डोक्यावर घेतली.

दुसरा विदर्भकर म्हणजे अमरावतीचे वीर वामनराव जोशी. हे नुसते नाटककार नव्हते, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग भोगलेले पुढारी होते. आपल्या वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे ज्या काळात वऱ्हाडात टिळकांचा झेंडा घेऊन फिरत होते, तोच हा काळ. वामनरावांचं ‘रणदुंदुभि’ १९२७ साली बळवंत मंडळीनं केलं. संगीत वझेबुवांचं. दीनानाथ त्यात तेजस्विनी झाले. तोवरच्या नायिका बहुधा सोसणाऱ्या, रडणाऱ्या. तेजस्विनी नावाप्रमाणे तेजस्वी. पारतंत्र्याची चीड उघड बोलायची सोय नव्हती. ती वामनरावांनी पदांत भरली आणि दीनानाथांनी आपल्या गळ्यातून लोकांच्या काळजात उतरवली. त्या पदांच्या तबकड्या निघाल्या. माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी नाटक पाहिलेलं नाही, पण पदं ऐकलेली आहेत. पुढे १९३१ साली याच कंपनीनं सावरकरांचं ‘संन्यस्त खड्ग’ केलं. सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते. सरकारच्या डोळ्यात असलेल्या माणसाचं नाटक करायला छाती लागते. कंपनीचं पोट तिकिटावर असताना तर जास्तच.

कंपनीचं पोट म्हणजे काय, ते थोडं सांगायला हवं. मोठ्या नाटक कंपनीत पन्नास-शंभर माणसं असायची. नट, साथीदार, पडदे रंगवणारे, आचारी, कपडेवाले, त्यांची बायकापोरं. एकत्र बिऱ्हाड, एकच स्वयंपाकघर. एका अर्थानं ती फिरती हाउसिंग सोसायटीच होती, फक्त मेंटेनन्स रोज रात्री तिकीटखिडकीवर गोळा व्हायचा! वऱ्हाडात कापसाचा हंगाम आटोपला की लोकांच्या हाती पैसा खेळायचा, म्हणून वऱ्हाड-नागपूरचा दौरा हा मोठ्या कंपन्यांच्या आखणीत असायचाच.

मग १९३१ साली ‘आलम आरा’ आला आणि पडदा बोलू लागला. १९३२ ला प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. नाटकाची थिएटरं सिनेमाला मिळू लागली. जिथं रात्रभर संगीत नाटक चालायचं तिथं दिवसातून दोन-तीन खेळ व्हायला लागले, तेही कमी तिकिटात. प्रेक्षकाला दोष देता येत नाही. पण कंपन्यांच्या चुली विझू लागल्या. खुद्द बालगंधर्व १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये पुरुषवेषात पडद्यावर गेले. यावरून काय दिवस आले होते ते समजावं.

इथं तिसरा विदर्भकर येतो, विश्राम बेडेकर. जन्म अमरावतीचा, १९०६ चा. ‘रणांगण’ कादंबरीमुळे आणि ‘एक झाड आणि दोन पक्षी’ या आत्मचरित्रामुळे ते आपल्याला माहीत आहेत, पण त्यांची सुरुवात बळवंत मंडळीत झाली. १९३३ साली त्यांचं ‘ब्रह्मकुमारी’ हे नाटक दीनानाथांच्या कंपनीनं केलं. पाठोपाठ मंडळीनं ठरवलं की आपणही बोलपट काढायचा. बळवंत पिक्चर्स उभी राहिली आणि १९३४ साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ आला. दिग्दर्शन चिंतामणराव आणि बेडेकर यांचं.

बोलपट चालला नाही. त्यातून कंपनी पुन्हा सावरली नाही.

माझा जन्म बँकेत कर्जाचे अर्ज वाचण्यात गेला, म्हणून या ठिकाणी मी जरा थांबतो. नाटकाचा धंदा रोखीचा. आज प्रयोग, आज रात्री गल्ला, उद्या सकाळी किराणा. नाटक पडलं तर पडदे तेच, माणसं तीच, पुढच्या गावाला दुसरं नाटक लावता येतं. सिनेमाचं तसं नाही. फिल्म, यंत्रं, स्टुडिओ, पगार यांचा सगळा पैसा पहिलं तिकीट फाटायच्या आधी महिनोन् महिने घालावा लागतो. तो कर्जाऊ असला तर व्याज कुणासाठी थांबत नाही. आणि चित्र पडलं तर हातात रिळांचे डबे. अशा धंद्याला भांडवल लागतं, आणि बळवंत मंडळीचं भांडवल म्हणजे दीनानाथांचा गळा. तो तारण ठेवून कोणी सावकार दुसऱ्यांदा पैसे देत नाही. हा कुणा एकाचा उधळेपणा नव्हता. हातावर पोट असलेल्या धंद्यानं कारखान्याच्या धंद्यात उडी घेतली होती. आमच्या नोकरीतही चांगले, प्रामाणिक व्यापारी असेच बसलेले मी पाहिले.

पण नुसता हिशेब पाहून या माणसाला नापास करता येत नाही. समजा त्यांनी बोलपट काढला नसता, तरी कंपनी किती वर्षं टिकली असती? ज्या कंपन्यांनी सिनेमाला हात लावला नाही त्यांचीही पुढे धूळधाण झालीच. बुडणाऱ्या होडीतून उडी मारणारा आणि बसून राहणारा, दोघांनाही पाणी तेवढंच खोल.

कंपनी बंद पडली. सांगलीचं वैभव गेलं. घरात पत्नी शेवंती, म्हणजे सर्वांच्या माई. त्या खानदेशातल्या थाळनेरच्या. थोरल्या बहिणीच्या, म्हणजे दीनानाथांच्या पहिल्या पत्नीच्या मृत्यूनंतर त्या या घरात आल्या होत्या. आणि पाच मुलं. याच पडत्या काळात दीनानाथांनी एक काम केलं, ज्याची नोंद कोणत्याही खतावणीत सापडणार नाही.

लताबाई ही हकीकत नेहमी सांगत. घरी दीनानाथांचे शिष्य शिकायला येत. त्यांत पुढे नट म्हणून नावाजलेले चंद्रकांत गोखले होते. एकदा दीनानाथ त्यांना रियाजाला बसवून बाहेर गेले. लहानगी लता बाहेर खेळत होती. गाण्यात काहीतरी चुकतंय असं तिच्या कानाला जाणवलं. ती आत आली आणि ते गाऊन दाखवू लागली. तेवढ्यात वडील परतले आणि दारातून ऐकत राहिले. आपल्याच घरात गवई आहे आणि आपण बाहेरच्यांना शिकवतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी लेकीला उठवलं, तानपुरा हाती दिला आणि पूरिया धनाश्री शिकवायला घेतला. पूरिया धनाश्री संध्याकाळचा राग. पण ज्याच्या घरची संध्याकाळ जवळ आलेली, त्यानं वेळेचं शास्त्र किती पाहावं?

२४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात दीनानाथ गेले. वय एकेचाळीस. लता बारा वर्षांची, मीना दहा, आशा आठ, उषा सहा आणि हृदयनाथ चार. मागं ठेवलं काय, तर एक तानपुरा आणि चिजांची वही. त्याच वर्षी लतानं नवयुगच्या ‘पहिली मंगळागौर’ या चित्रपटात काम धरलं. ज्या सिनेमानं बापाची कंपनी बुडवली, त्याच सिनेमाच्या दारात बारा वर्षांच्या पोरीला घर चालवण्यासाठी उभं राहावं लागलं. ती तिथून कुठं पोचली ते मी सांगायला नको.

लोक म्हणतात, मुलींनी बापाचं नाव मोठं केलं. खरं आहे. गोव्यात कला अकादमीचं नाट्यगृह, मुंबईत पार्ल्याचं नाट्यगृह, पुण्यातलं रुग्णालय त्यांच्या नावानं उभी आहेत. पण माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. दीनानाथ मोठे होण्यासाठी लता मंगेशकर व्हावी लागत नाही. सावनेरला मरणाच्या दारातून लिहिलेलं नाटक, अमरावतीच्या तुरुंगभोगी देशभक्ताचं नाटक, अमरावतीच्याच एका नवख्या तरुणाचं पहिलं नाटक, ही त्यांनी आपली मानून उभी केली. त्यात लाभ किती आणि जोखीम किती, हे मोजत बसले असते तर आज आपल्याकडे ‘रणदुंदुभि’ची पदं नसती.

जुन्या तबकड्यांवरचं त्यांचं गाणं आता मोबाईलवरही ऐकायला मिळतं. आवाज खरखरतो आणि पद तीन मिनिटांत संपतं, कारण तबकडीच तेवढी होती. पहिल्यांदा ऐकताना नातवंडं हसतील. दुसऱ्यांदा लावा. लताबाईंच्या गळ्यातली ती अवचित येणारी जागा मूळची कुठली, ते त्यांना तिथं सापडेल.