एरिक लिडेल

चीन देशातील टिएन्टसिन शहरी १६ जानेवारी १९०२ रोजी लंडन मिशनरी सोसायटीचे सेवक रेव्ह. जेम्स लिडेल यांच्या घरी दुसरा पुत्र जन्मला. त्याचे नाव एरिक. आईबापांचे काम चीनमध्ये, म्हणून एरिक सहा वर्षांचा व थोरला भाऊ रॉब आठ वर्षांचा असता दोघांस इंग्लंडातील मिशनऱ्यांच्या मुलांच्या वसतिशाळेत ठेवावे लागले. ज्यांनी आपली लेकरे दूरच्या बोर्डिंगात पोहोचवून रिकाम्या हाताने गाव गाठले आहे, त्यांस त्या मातेच्या मनाची स्थिती सांगावयास नको.

मुलगा लाजाळू व अबोल होता. मैदानावर मात्र तो निराळाच दिसे. क्रिकेट व रग्बी या दोन्ही खेळांत तो शाळेचा कप्तान झाला. रग्बी म्हणजे लांबट चेंडू हाती धरून पळण्याचा, पंधरा पंधरा गड्यांचा खेळ. त्यात हुतूतूप्रमाणे एकमेकांस धरून पाडतात, आणि दुखापत नेहमीची.

१९२० साली शाळा संपवून एरिक स्कॉटलंडातील एडिंबरो विद्यापीठात शास्त्रविषय शिकावयास निघाला. १९२१ च्या मे महिन्यात विद्यापीठाच्या शर्यतींत शंभर यार्डांच्या धावेत तो पहिला आला. त्याची धावण्याची ढब पाहून लोकांस हसू येई. मान मागे टाकलेली, तोंड आभाळाकडे, हात पाण्यात बुडणाऱ्यासारखे हलणारे! रग्बीतही तो तितकाच पुढे होता. १९२२ च्या जानेवारीत फ्रान्सविरुद्ध स्कॉटलंड देशाच्या संघातून तो प्रथम खेळला, तेव्हा त्याची वीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्या व पुढील वर्षी मिळून देशासाठी तो सात सामने खेळला.

परंतु एका देहाने दोन्ही खेळ शेवटपर्यंत नेणे शक्य नव्हते. १९२४ साली पॅरिस येथे ऑलिंपिक शर्यती भरावयाच्या होत्या. रग्बीत मान होता, सोबती होते, आणि देशाच्या संघातील जागा हाती आलेली होती. धावण्यात माणूस एकटाच, आणि पुढचे काहीच निश्चित नाही. १९२३ चा हंगाम संपल्यावर लिडेलने रग्बी सोडली. सोडलेली वस्तू वाईट नव्हती, हे येथे ध्यानात घ्यावे. वाईटाचा त्याग करा असे आपण मंडळीत नेहमी सांगतो. दोन चांगल्या गोष्टींतून एक कशी सोडावी हे मात्र आपण मुलांस क्वचितच शिकवितो.

त्याच वर्षी एप्रिल महिन्यात आर्मडेल नावाच्या खाणकामगारांच्या गावी या अबोल तरुणाने प्रथमच लोकांपुढे उभे राहून आपल्या प्रभूविषयी साक्ष दिली. जुलैत त्याने शंभर यार्ड ९.७ सेकंदांत धावून ब्रिटनचा नवा विक्रम केला. पुढे स्टोक येथे चारशे चाळीस यार्डांच्या शर्यतीत आरंभीच धक्का लागून तो पडला. बाकीचे सुमारे वीस यार्ड पुढे गेले असता उठून धावला, आणि पहिला आला.

पॅरिसला शंभर मीटरची शर्यत तोच जिंकणार अशी पुष्कळांची अपेक्षा होती. पण तिच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी, ६ जुलैस ठरल्या. लिडेलने प्रभुवारी धावण्यास नकार दिला. १९८१ साली त्याच्यावर निघालेल्या प्रसिद्ध चित्रपटात ही गोष्ट त्यास जहाजावर चढताना कळते असे दाखविले आहे, पण ते खरे नव्हे. कित्येक महिने आधी त्यास ठाऊक होते, आणि तितके महिने त्याने लोकांची टीका सोसली. एका क्षणाच्या आवेशात नकार देणे सोपे असते. हा नकार रोज सकाळी पुन्हा द्यावा लागला. सांघिक धावाही रविवारी होत्या, त्याही त्याने सोडल्या. मग तो चारशे मीटरचा सराव करू लागला. दोनशे मीटरमध्ये तो तिसरा आला. ११ जुलै रोजी चारशे मीटरच्या अंतिम फेरीत सर्वांत बाहेरच्या पट्ट्यातून धावून त्याने ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले.

पुढच्याच वर्षी हा तरुण चीनला गेला. टिएन्टसिनच्या मिशन कॉलेजात त्यांनी शास्त्र शिकविले. १९३२ मध्ये त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि १९३४ मध्ये फ्लॉरेन्स मॅकेन्झी यांजशी विवाह झाला. १९३७ पासून युद्धाने गांजलेल्या सिआओचांग खेड्याच्या भागात ते फिरते काम करू लागले. डॉक्टर झालेले बंधू रॉब तेथेच होते. १९४१ साली पत्नीस व दोन मुलींस त्यांनी कॅनडाला पाठविले. धाकटी कन्या त्यानंतर जन्मली. तिचे मुख त्यांच्या दृष्टीस कधीच पडले नाही.

१९४३ च्या मार्चमध्ये जपानी सैन्याने त्यांस वेइशिएन येथील बंदिवासात ठेवले. तेथे सुमारे दीड हजार लोक कोंडलेले होते, आणि त्यांत एका मिशन शाळेची आईबापांवाचून राहिलेली मुलेही होती. लिडेल त्यांस शिकवीत, त्यांचे खेळ घेत. मुले त्यांस एरिककाका म्हणत. परंतु प्रभुवारी खेळ घेण्यास ते तयार नव्हते. तेव्हा काही मुलांनी रविवारी आपणच हॉकी मांडली. पंच कोणी नव्हता, आणि खेळाचे पर्यवसान मारामारीत झाले. पुढल्या रविवारी मुले मैदानावर आली, तो लिडेल पंच म्हणून उभे!

काही बंधू म्हणतील की ज्यासाठी सुवर्णपदकावर पाणी सोडले तेच येथे मोडले. मला तसे वाटत नाही. पॅरिसचा रविवार त्यांच्या स्वतःच्या लौकिकाचा होता. येथला रविवार दुसऱ्यांच्या लेकरांचा होता. रविवारच्या शर्यतींविषयी आईबाप आजही पाळकांस विचारावयास येतात. उत्तर देण्यापूर्वी या दोन्ही रविवारांचा विचार व्हावा.

१९४५ च्या आरंभी त्यांचे डोके फार दुखू लागले. श्रमामुळे असेल असे लोक समजले. ती मेंदूतील गाठ होती. त्या हिवाळ्यात एका मुलाचे जोडे पार झिजले होते. लिडेल यांनी आपले धावण्याचे जुने, ठिकठिकाणी सांधलेले बूट त्यास देऊन टाकले. शत्रूंसाठी प्रार्थना करावी, पहाऱ्यावरच्या जपानी शिपायांसाठीही करावी, असे त्यांनी याच मुलास शिकविले होते. २१ फेब्रुवारी रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी, लिडेल प्रभूकडे गेले. ऑगस्टमध्ये बंदिवान सुटले. तो मुलगा मोठा होऊन १९५२ साली मिशनरी म्हणून जपानला गेला.