विश्लेषण : सममितीपासून समीकरणाकडे… दा. ध. कोसंबींचे गणित काय होते?

दामोदर धर्मानंद कोसंबी म्हटले की प्राचीन भारताचा इतिहास आठवतो. त्यांची नोकरी मात्र आयुष्यभर गणिताची होती.

३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात जन्म. वडील धर्मानंद पाली आणि बौद्ध धर्माचे पंडित. त्यांच्याबरोबर दामोदर लहानपणीच अमेरिकेत गेले. १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले, मग बनारस, अलिगढ आणि १९३३ पासून पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज.

सममितीचा प्रश्न काय?

एसटी थांबलेली असो वा सरळ रस्त्यावर एकाच वेगाने धावत असो, आत वर उडवलेले नाणे हातातच पडते. निसर्गाचे नियम बदलत नाहीत. प्रकाशाचा वेगही सर्वांना सारखाच दिसतो, ही अट जोडली की ती लॉरेन्ट्झ सममिती. एरवी आधी समीकरण मांडतात, मग त्यात सममिती शोधतात. कोसंबींनी १९४० च्या शोधनिबंधात हे उलटे केले : ही सममिती पाळायचीच, तर कणाच्या मार्गाची कोणती समीकरणे शक्य उरतात?

मार्गांच्या भूमितीवरचा त्यांचा १९३३ चा निबंध जर्मनीत छापला गेला, तेव्हा फ्रान्सचे थोर गणिती एली कार्तान यांनी त्यावर टिपण लिहिले. पुढे चर्न यांनी भर घातली. आज तो कोसंबी-कार्तान-चर्न सिद्धान्त म्हणून ओळखला जातो.

स्ट्रिंग थिअरीशी संबंध?

थेट नाही. पण विचाराची वाट तीच. १९७६ ची सुपरग्रॅव्हिटी घ्या. पदार्थाचे कण आणि बलाचे कण यांची अदलाबदल करणारी सममिती प्रत्येक बिंदूवर स्वतंत्रपणे पाळली जावी, एवढी अट घातली की गुरुत्वाकर्षण मागोमाग येते. कमी ऊर्जेला सुपरस्ट्रिंग थिअरीतून हीच सुपरग्रॅव्हिटी मिळते. हे पाहायला कोसंबी नव्हते.

शेवटची वर्षे

१९४५ पासून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा. १९४३ मध्ये त्यांनी मांडलेली संख्याशास्त्रीय पद्धत जगात कारहुनेन आणि लोएव यांच्या नावाने चालते. १९५९ मध्ये रीमान गृहीतक संख्याशास्त्राने सोडवल्याचा दावा त्यांनी एका कृषी-संख्याशास्त्राच्या नियतकालिकात केला. तो टिकला नाही, आणि नाव पणाला लागले. १९६२ मध्ये संस्थेतील नेमणूक पुढे वाढली नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. वय अवघे ५८.