जनुकांचा हिशेब मांडणारा शास्त्रज्ञ : जे. बी. एस. हाल्डेन

आनुवंशिक दोष म्हणजे घराण्याच्या रक्ताला लागलेला कलंक, ही समजूत जगभर खोल रुजलेली होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिला विज्ञानाचा मुलामा मिळाला आणि अमेरिका व जर्मनीसारख्या देशांत ‘सदोष’ ठरवलेल्या माणसांच्या सक्तीच्या निर्बीजीकरणाचे कायदे झाले. या विचारातील चूक गणिताच्या आधारे दाखवून देणाऱ्यांत जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन हे अग्रणी होते. आयुष्याची अखेरची सात वर्षे त्यांनी भारतात घालवली आणि ते भारतीय नागरिक म्हणून निवर्तले.

५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्डमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञ. कोळशाच्या खाणींतील विषारी वायूंचा अभ्यास करताना ते लहानग्या मुलालाही सोबत नेत. १९०१ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, वडिलांबरोबर ऐकलेल्या एका व्याख्यानातून मेंडेलचे नियम प्रथम त्यांच्या कानी पडले. पुढे धाकटी बहीण नेओमी हिच्यासह त्यांनी घरीच गिनीपिग आणि उंदरांवर आनुवंशिकतेचे प्रयोग आरंभले. उंदरांतील दोन जनुके एकत्र वारशाने येतात, हे दाखवणारा त्यांचा निबंध १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा हाल्डेन पहिल्या महायुद्धाच्या आघाडीवर होते आणि या कामातील सहकारी स्प्रंट रणांगणावर कामी आले होते. याच युद्धात जखमी झाल्यावर हाल्डेन यांना भारतात आणण्यात आले. हा देश त्यांना आवडला; मात्र पुन्हा यायचे तर राज्यकर्त्यांपैकी एक म्हणून नव्हे, असे त्यांनी मनाशी ठरवले.

विशेष म्हणजे त्यांच्याकडे विज्ञानाची पदवी नव्हती. गणितापासून सुरुवात करून ते ग्रीक-लॅटिन वाङ्मय आणि तत्त्वज्ञानाकडे वळले होते. तरीही १९२४ पासून दहा वर्षांत लिहिलेल्या निबंधमालेतून त्यांनी डार्विनची नैसर्गिक निवड आणि मेंडेलचे नियम यांची गणिती सांगड घातली. रोनाल्ड फिशर आणि स्यूअल राइट यांच्यासह ते समष्टी-आनुवंशिकीचे जनक मानले जातात.

वैद्यकाला त्यांची देणगी याच हिशेबी वृत्तीतून मिळाली. हिमोफिलियाचे बहुतेक रुग्ण त्या काळी संततीपूर्वीच दगावत. मग हा आजार नामशेष का होत नाही? जितकी सदोष जनुके मृत्यूमुळे गळतात, जवळपास तितकीच उत्परिवर्तनाने नव्याने निर्माण होत असली पाहिजेत, असा तर्क त्यांनी मांडला. त्यावरून १९३५ मध्ये त्यांनी मानवी जनुकाच्या उत्परिवर्तनाचा वेग काढला : दर पिढीला सुमारे ५० हजारांत एक. डीएनएची रचना उलगडण्यास तेव्हा १८ वर्षांचा अवकाश होता. दोनच वर्षांनी ज्युलिया बेल यांच्यासह त्यांनी हिमोफिलिया आणि रंगांधत्व यांची जनुके एकाच गुणसूत्रावर परस्परांजवळ असल्याचे दाखवले. माणसाच्या जनुकीय नकाशाची ती सुरुवात होती.

निर्बीजीकरणाच्या कायद्यांतील फोलपणाही अशाच हिशेबातून उघड होतो. आई आणि वडील अशा दोघांकडून सदोष जनुक आल्यासच होणारा एखादा आजार दहा हजारांत एकाला असेल, तर त्याच दहा हजारांत सुमारे दोनशे निरोगी वाहक असतात. सर्व रुग्णांना पिढ्यानपिढ्या संततीपासून रोखले, तरी त्या जनुकाचे प्रमाण निम्मे व्हायला शंभर पिढ्या लागतील. १९३८ च्या ‘हेरेडिटी अँड पॉलिटिक्स’ या पुस्तकात हाल्डेन यांनी वंशशुद्धीच्या कल्पनांचा परखड समाचार घेतला.

परंतु राजकारणाच्या एका प्रसंगी हाच विवेक डळमळला. हाल्डेन कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते. स्टॅलिनच्या राजवटीत लिसेंको यांनी मेंडेलची आनुवंशिकी खोटी ठरवली. १९२८ मध्ये हाल्डेन ज्यांच्या निमंत्रणावरून रशियाला गेले होते, ते थोर वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव्ह १९४३ मध्ये तुरुंगात मरण पावले. १९४८ मध्ये सोव्हिएत संघात आनुवंशिकीवर बंदीच आली. अमेरिकी शास्त्रज्ञ हर्मन म्युलर यांनी उघड निषेध केला. हाल्डेन मात्र सावरासावर करत राहिले. १९५० च्या सुमारास ते पक्षापासून दूर झाले, तेही गाजावाजा न करता. हे मौन त्यांच्या चरित्रावरील डाग ठरले.

आणि त्याच १९४८ मध्ये, स्टॉकहोमच्या परिषदेत, त्यांनी आपली एक अत्यंत फलदायी कल्पना मांडली. भूमध्य सागराच्या परिसरात थॅलेसेमियाचे जनुक इतके का आढळते? त्याच्या वाहकांना हिवतापापासून संरक्षण मिळत असावे, असे हाल्डेन यांनी सुचवले. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत असेच संरक्षण मिळत असल्याचे पुरावे दिले. जनुक चांगले की वाईट, हे परिस्थितीवर ठरते, हा त्याचा अर्थ.

१९५७ मध्ये सुएझवरील ब्रिटिश आक्रमणाचा निषेध करत हाल्डेन पत्नी हेलन स्परवे यांच्यासह कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. धोतर-कुर्ता आणि शाकाहार त्यांनी स्वीकारला. महागड्या यंत्रांवाचूनही, डोळे उघडे ठेवून आणि नीट मोजमाप करून उत्तम जीवशास्त्र करता येते, हे त्यांनी तरुण सहकाऱ्यांना शिकवले. संस्थेशी मतभेद झाल्यावर ते भुवनेश्वरला गेले आणि तेथे त्यांनी प्रयोगशाळा उभारली. कर्करोगाने ग्रासले असता त्यांनी त्यावर विनोदी कविता लिहिली. लोकांनी संकोच न करता वेळीच डॉक्टरांकडे जावे, हा तिचा हेतू. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देह काकिनाड्याच्या रंगराया वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.

विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेल आजही अनेक कुटुंबांची परीक्षा पाहतो. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात रक्ततपासणी आणि विवाहपूर्व समुपदेशनावर भर आहे. पण वाहक असल्याचे कळताच मुलीचे लग्न मोडणार असेल, तर तपासणीला पुढे येणार कोण? जे जनुक आज कलंक वाटते, त्यानेच कधीकाळी हिवतापाच्या प्रदेशात पूर्वजांना तारले असावे, हे हाल्डेन यांनी दाखवलेले सत्य तपासणीच्या कागदाबरोबरच घराघरांत पोचायला हवे.